वावराचा नंबर धरा, पणजोबा सापडतील : जुन्या जमीन नोंदींतून घराण्याचा शोध कसा घ्यावा

जातीचा दाखला, जात पडताळणी, वारस नोंद, वडिलोपार्जित शेतीची वाटणी, मेळघाटातला वनहक्क दावा. कामं वेगवेगळी, पण टेबलावर प्रश्न एकच येतो : तुमचे आजोबा-पणजोबा कोण, आणि पुरावा काय? आजोबांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पणजोबांच्या नावावर घरातच दोन मतं निघतात. त्याच्या मागं कोणालाच काही सांगता येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं हे काम पुढे राज्यभर वाढलं. तेव्हापासून 'जुनं रेकॉर्ड' हा शब्द गावागावांत पोचला. पण रेकॉर्ड रूममध्ये नुसतं आडनाव सांगून काही मिळत नाही. कोणता कागद मागायचा, तो कोणत्या ऑफिसात असतो आणि सापडलेलं नाव आपल्याच घराण्याचं आहे हे कसं ठरवायचं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की माणसांची नावं बदलतात, आडनावं बदलतात, तालुके-जिल्हे बदलतात, पण वावर जागेवरच राहतं. म्हणून नावाच्या मागे धावू नका. शेताचा नंबर धरून मागे जा.

वऱ्हाडचे कागद वेगळे का?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. ही पद्धत रयतवारीची होती. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावचा मालगुजार सरकारला सारा देणार. वऱ्हाडात मात्र जो शेत कसतो त्याच्याच नावावर सर्व्हे नंबर आणि साऱ्याची रक्कम लागली. त्यामुळे आपल्याकडे साध्या शेतकऱ्याचं नावही सरकारी कागदात दीडशे वर्षं मागेपर्यंत सापडू शकतं.

तिकडचे नातेवाईक 'मिसल बंदोबस्त काढ' असं सांगतात. अमरावती-अकोल्यात तो कागद शोधत बसू नका. इथे पहिल्या मोजणीचे आणि त्यानंतरच्या रिव्हिजनचे कागद वेगळ्या नावांनी असतात.

कागदाच्या डोक्यावरचं नाव पाहूनही काळ ओळखता येतो :

- 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असेल तर १९०३ च्या आधीचा.
- 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर १९०३ ते १९५० च्या दरम्यानचा.
- 'मध्य प्रदेश' असेल तर १९५० ते १९५६ चा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती.
- 'मुंबई राज्य' असेल तर १९५६ ते १९६० चा.
- त्यानंतरचे सगळे महाराष्ट्राचे.

कोणता कागद काय सांगतो?

*सातबारा.* आजचा सातबारा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. शोधासाठी हवा तो जुना, हाताने लिहिलेला सातबारा. त्यात कमी केलेल्या नावांना कंस किंवा रेघ असते आणि नव्या नावाशेजारी गोलात एक आकडा असतो. हा गोलातला आकडा म्हणजे फेरफार नंबर. तीच पुढची किल्ली.

*फेरफार नोंदवही (गाव नमुना ६).* घराण्याच्या शोधात हा सर्वांत कामाचा कागद. खातेदार वारला की वारस फेरफार होतो. त्यात 'अमुक इसम अमुक तारखेस फौत, वारस पुढीलप्रमाणे' असं लिहून मुलं, मुली, विधवा यांची नावं येतात. एका वारस फेरफारात दोन पिढ्या जोडल्या जातात. वाटणी, दत्तक, खरेदी, गहाण हेही इथेच कळतं.

*आठ-अ.* एका खातेदाराची गावातली सगळी शेती एकत्र दाखवतो. भावाभावांची खाती वेगळी कधी झाली, हे जुने आठ-अ लावून पाहिलं की समजतं.

*अधिकार अभिलेख १९५४-५५.* मध्य प्रदेशच्या काळातला हा कागद विदर्भातल्या लोकांसाठी फार मोलाचा. कब्जेदाराचं नाव आणि वडिलांचं नाव त्यात मिळतं. आजच्या पन्नाशी-साठीच्या माणसाला आजोबांपर्यंत पोचवणारा हा पूल समजा.

*पेरेपत्रक आणि पाहणी पत्रक.* कोणत्या वर्षी कोण वाहत होतं, काय पेरलं होतं, हे यात असतं. जमीन नावावर नसली तरी वाहणाऱ्याचं नाव सापडू शकतं.

*शेतवार पत्रक, प्रतीबुक, रिव्हिजन प्रतीबुक, हक्क नोंदणी पत्रक.* हे भूमी अभिलेख खात्याचे मोजणीच्या वेळचे जुने कागद. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या ऑफिसात विचारणा करावी. पहिली मोजणी तीस वर्षांसाठी होती, मग रिव्हिजन झालं. दोन्ही वेळचं नाव मिळालं तर एक पिढी सरळ जुळते.

*कोतवाल बुक.* हा जमिनीचा कागद नाही, पण त्याच्याशिवाय काम पूर्ण होत नाही. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल कळवायचा, त्याची ही नोंद. बापाचं नाव, जात आणि तारीख यात मिळते. नक्कल बहुधा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळते. बाळाचं नाव मात्र अनेकदा नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असतं.

*शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर.* आजोबा चौथीपर्यंत जरी शिकले असले तरी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, जात आणि जन्मतारीख इथे असते.

यातला फरक ध्यानात ठेवा. सातबारा आणि फेरफार पिढ्या जोडून देतात, पण जात सांगायला ते पुरत नाहीत. कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर जात सांगतं, पण तो माणूस तुमचाच आजा हे एकट्याने सिद्ध करत नाही. दोन्ही मिळूनच पुरावा तयार होतो.

मागे कसं जायचं?

१. ऑफिसात जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आजीला, मोठ्या आत्याला, चुलत आजोबांना विचारा. नावं, घरातली टोपणनावं, कोणता भाऊ कोणत्या गावी गेला, कोणतं वावर कधी विकलं, सगळं वहीत लिहा. शेतांची बोलीतली नावंही लिहा.

२. आजचा सातबारा घ्या. गट नंबर आणि फेरफार नंबर टिपा. शेती विकली असेल तरी हरकत नाही. आज ती दुसऱ्याच्या नावावर असली तरी त्याच नंबरच्या जुन्या उताऱ्यात तुमच्या घराण्याचं नाव असेल.

३. गावात एकत्रीकरण झालं असेल तर सर्व्हे नंबरचा गट नंबर झालेला असतो. भूमी अभिलेख ऑफिसात एकत्रीकरणाचा उतारा मागा. जुना सर्व्हे नंबर कोणता होता, ते त्यात कळतं. हे न करता मागे गेलात तर भलत्याच वावरात शिराल.

४. आता एकेक फेरफार काढत मागे जा. शेवटच्या वारस फेरफारातून वडिलांकडून आजोबांकडे, त्याच्या आधीच्या फेरफारातून पणजोबांकडे. मधली एकही पायरी सोडू नका.

५. पोटहिश्शांकडे बघा. समजा सर्व्हे नंबर १२ चे १२/१, १२/२, १२/३ असे तुकडे आहेत आणि तिन्हीकडे बापाचं नाव एकच आहे. बहुतेक ते तिघे भाऊ. तुमची शाखा एक, बाकी दोन चुलत घराण्यांच्या. त्यांच्यापैकी कोणाकडे आधीच जुने कागद किंवा जात वैधता प्रमाणपत्र असू शकतं. वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता तुमच्या प्रकरणात मोठा आधार ठरते.

६. धुऱ्याचे शेजारीही टिपून ठेवा. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे जुळलं तर नंबर चुकला नाही याची खात्री पटते.

मोबाईलवर काय मिळतं?

महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावर 'आपले अभिलेख' नावाची सोय आहे. जुने स्कॅन केलेले कागद ज्या जिल्ह्यांसाठी सुरुवातीला तिथे उपलब्ध झाले, त्यात अकोला आणि अमरावती दोन्ही होते.

- आधी नाव, मोबाईल नंबर वगैरे भरून नोंदणी करा.
- लॉगिन झाल्यावर कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडा.
- सातबारा हवा असेल तर गट किंवा सर्व्हे नंबर टाका, फेरफार हवा असेल तर फेरफार नंबर टाका.
- समोर वर्षांची यादी येते. हवं ते वर्ष निवडून कागद कार्टमध्ये टाका आणि पुढे जाऊन फाईल उघडा.

नंबर टाकून काही आलं नाही तर कागद नाहीच असं समजू नका. गावाचं नाव दुसऱ्या तालुक्याखाली असू शकतं, पान स्कॅनमध्ये राहिलेलं असू शकतं. अशा वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करा. अर्जात गावाचं नाव, जुना नंबर, अंदाजे वर्ष आणि कागदाचं नाव स्पष्ट लिहा. 'आमच्या घराण्याचे सगळे जुने कागद द्यावे' असा अर्ज परत येतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मोबाईलवर उघडलेला कागद शोधापुरता ठीक. जात पडताळणीला किंवा कोर्टात साक्षांकित नक्कल लागते.

तालुका बदलला, जिल्हा बदलला

अनेकांचा शोध इथेच अडतो. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली. त्याआधी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता आणि दर्यापूर व मेळघाट त्यात होते. तो जिल्हा अमरावतीत मिळवला. मूर्तिजापूर आधी अमरावती जिल्ह्यात होता, तो अकोल्यात आला. खामगाव आणि जळगाव (जामोद) अकोल्यातून बुलढाण्यात गेले. वाशीमही तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, तो मोडून वाशीम व मंगरूळ अकोल्याला जोडले. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

तालुकेही फुटले. तेल्हारा जुन्या कागदात अकोट तालुक्यात, पातूर बाळापूर तालुक्यात, बार्शिटाकळी अकोला तालुक्यात दिसेल. अंजनगाव दर्यापूर तालुक्यात, वरूड मोर्शी तालुक्यात. म्हणून आपल्या गावाचा आजचा तालुका आणि जुना तालुका दोन्ही लिहून ठेवा. बुद्रुक आणि खुर्द यांचीही गल्लत करू नका.

पुनर्वसन झालेल्या गावांचं हेच. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठलेली धारगड, केलपाणी, गुल्लरघाट यांसारखी गावं आज अकोट-तेल्हारा भागात आहेत, म्हणजे अकोला जिल्ह्यात. त्यांचे जुने कागद मात्र अमरावती जिल्ह्याकडे शोधावे लागतात.

जुन्या कागदातले शब्द

- वल्द : चा मुलगा. 'राघोजी वल्द सखाराम' म्हणजे सखारामचा मुलगा राघोजी.
- जोजे : बायको. 'पार्वती जोजे राघोजी' म्हणजे राघोजीची बायको पार्वती.
- बेवा : विधवा.
- फौत : मयत.
- साकीन, सा. : राहणार.
- मौजे : गाव.
- अ.पा.क. : अज्ञान पालनकर्ता. म्हणजे खातेदार लहान होता आणि त्याच्या वतीने पुढचं नाव लागलेलं आहे.
- ए.कु.क. : एकत्र कुटुंब कर्ता. म्हणजे नाव एकाचं असलं तरी शेती सगळ्या भावांची असू शकते.
- कुळ : दुसऱ्याची जमीन कसणारा.

माप जुन्या कागदात एकर-गुंठ्यात असतं. ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजच्या सातबाऱ्यात हेक्टर-आर असतं. एक एकर म्हणजे साधारण ४० आर. दोन कागदांतलं क्षेत्र जुळतं का, हे असं ताडून बघा.

काही कागद मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. विदर्भासाठी या खात्याचं ऑफिस नागपूरला आहे. वाचून घेतलेल्या मजकुरावर वाचणाऱ्याची सही घ्या आणि मूळ मोडी कागदाची नक्कल सोबत जोडा.

नाव जुळलं म्हणजे नातं जुळलं असं नाही

सगळ्यात जास्त दावे इथे फसतात. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतं. नाव, बापाचं नाव आणि कधी जात, एवढंच. एका गावात एकाच काळात दोन 'गणपत वल्द महादजी' असू शकतात. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, त्यामुळे एका घराण्यातही तेच नाव दोनदा येतं. लिहिणाऱ्याने गणू, गणाजी, गणपत असं तिन्ही प्रकारे लिहिलेलं असतं. काही घरांची आडनावं गावावरून पडली, म्हणून एक भाऊ दुसऱ्या गावी गेला की त्याचं आडनावच वेगळं झालं.

म्हणून तीन गोष्टी जुळल्याशिवाय 'हे आमचेच' म्हणू नका : शेताचा नंबर, बापाचं नाव आणि काळ. पहिल्या फेरफारात १९३० ला वारलेला माणूस १९४० च्या खरेदीखतावर सही करत असेल, तर ते दोन वेगळे लोक आहेत.

मधेच नाव तुटलं तर काळ आठवा. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडात हाहाकार उडवला, लोकांनी गावं सोडली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्यप्रांत-वऱ्हाडला देशात सर्वांत जास्त फटका बसलेल्या भागांत गणतात. त्या सुमारास कर्ता माणूस जाऊन अज्ञान मुलाचं नाव लागलं असेल, शेत गहाण पडलं असेल, किंवा विधवा लेकरांना घेऊन माहेरी गेली असेल. मग पुढची नोंद आईच्या माहेरच्या गावात शोधावी लागते.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायची. कागदावर खाडाखोड करू नका, 'जुनी नोंद बसवून देतो' म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून बघतं. खोट्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश किंवा नोकरी जाते, आणि कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे.

वावरच नव्हतं, त्यांनी काय करायचं?

बलुतेदार, शेतमजूर, भटके समाज यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांच्या नावावर जमीन नव्हती. त्यांच्यासाठी कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर पहिलं. मग पेरेपत्रक आणि कुळाच्या नोंदी. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे, आणि त्याखाली १ एप्रिल १९६१ पासून अनेक कुळं मालक झाली. त्या प्रकरणांत कुळाचं आणि त्याच्या बापाचं नाव असतं. १९५१ च्या नागरिक नोंदवहीत घरवार नावं होती, तीही विचारून पाहा. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी रजिस्टरमध्ये घराची नोंद, दुय्यम निबंधकाकडे जुनी खरेदीखतं आणि गहाणखतं सापडू शकतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याची नामावळी असते. सरकारी पुरावा म्हणून तिच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, पण शोधाला दिशा मिळते.

मेळघाटात शेतीचे कागद कमी, वनखात्याचे जास्त. वनहक्क कायदा २००६ मध्ये आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा बघतात. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. या कायद्याच्या नियमांत जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हाही पुरावा धरला आहे, तसंच गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही.

वंशावळीत लेकींची नावं लिहा

घरोघरी वंशावळ काढली जाते ती फक्त पोरांची. हे चुकीचं आहे आणि नुकसानीचंही. जुन्या वारस फेरफारात मुलींची आणि बेवांची नावं अनेकदा असतात. एखाद्या आत्याच्या नावामुळेच दोन शाखा एकाच बापाच्या आहेत हे ठरतं. शिवाय ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तिचं नाव गाळून केलेलं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र उद्या कोर्टात तुमच्याच अंगलट येतं.

कोणत्या तारखेआधीचा पुरावा लागतो?

जातीच्या दाखल्यासाठी पूर्वज कोणत्या तारखेला कुठे राहत होते, हे पाहतात :

- अनुसूचित जाती : १० ऑगस्ट १९५०
- अनुसूचित जमाती : ६ सप्टेंबर १९५०
- विमुक्त जाती, भटक्या जमाती : २१ नोव्हेंबर १९६१
- इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग : १३ ऑक्टोबर १९६७

या तारखेआधीचा कागद जितका जुना तितका चांगला. पण एकच जुना कागद आणि मधे साखळीच नाही, असं असेल तर त्याचा उपयोग नाही.

बारावीचा निकाल लागला की तहसीलमध्ये झुंबड उडते आणि नक्कल वेळेत मिळत नाही. लेकरू दहावीत आहे तेव्हाच काम सुरू करा. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि वहीत पुढीलप्रमाणे एक ओळ लिहा : नाव, बापाचं नाव, गाव, जुना तालुका, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, वर्ष. ती वही चुलत घरांनाही दाखवा. एका घराने काढलेली साखळी पुढे दहा घरांच्या लेकरांना कामी येते.